पणजी कामाला कुठे जायची? घरातल्या कष्टकरी बाईचा इतिहास शोधताना

बहुतेक घराण्यांत एखादे निवृत्त काका वंशावळ काढून ठेवतात. मोठ्या कागदावर वरपासून खालपर्यंत पुरुषांची नावं आणि बायका कंसात. पुष्कळदा कंसही नाही. हेळव्यांच्या (वंशावळ सांगत गावोगाव फिरणाऱ्यांच्या) वह्या, तीर्थोपाध्यायांची बाडं, छापील कुलवृत्तांत, सगळ्यांची तीच तऱ्हा. तिथे पणजी सापडली तरी ‘अमक्याची पत्नी, तमक्याची आई’ एवढीच सापडते. ती गिरणीत वाइंडिंगला होती, घरी विड्या वळायची की बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडत होती, हे त्या कागदांना ठाऊकच नसतं.

म्हणून सुरुवात वंशावळीपासून करू नका, तिच्या कामापासून करा. जिथे तिची हजेरी लागली, मजुरी मोजली गेली, दागिना गहाण पडला किंवा जमिनीच्या कागदावर अंगठा उठला, तिथे तिच्या खुणा असतात. पुढे सांगते आहे ते महाराष्ट्रातल्या कागदपत्रांना धरून, आणि आजवर असलं काही न केलेल्या माणसासाठी.

एकच बाई निवडा, आणि तिची सगळी नावं लिहा

सगळ्या आज्या-पणज्या एकदम घ्यायला गेलात की महिन्याभरात वही कपाटात जाते. एकच निवडा, आणि जिला प्रत्यक्ष पाहिलेलं कुणीतरी अजून हयात आहे अशीच निवडा. त्या माणसाचं वय बघून घाई करा, कागद थांबतात.

वहीच्या पहिल्या पानावर तिची नावं. अनेकवचन मुद्दाम. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत होती, त्यामुळे माहेरच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये ती एका नावाने असेल आणि सासरच्या रेशनकार्डावर दुसऱ्याच. तिसरं नाव हाक मारायचं: आक्का, बाय, ठकी, माई. चौथं, कारकुनाने लिहिलेलं. गिरणीच्या किंवा पालिकेच्या कारकुनाने आडनावाच्या जागी गावावरून ‘कर’ लावलेलं असतं, किंवा नवऱ्याचं नावच आडनाव म्हणून चिकटवलेलं असतं. ही चारही नावं हाताशी नसतील तर समोर आलेला कागद तिचाच आहे हे तुम्हाला कळणारही नाही.

त्याखाली माहेरचं गाव आणि तालुका, भावांची नावं, मुलं जन्माच्या क्रमाने (गेलेली मुलं धरून, त्यांच्याबद्दल वेगळं विचारावं लागतं) आणि ती कुठे कुठे राहिली ती ठिकाणं. जे माहीत नाही तिथे रेघ मारून जागा सोडा.

आधी माणसांकडे जा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आणि पहिलाच धडा असा की ‘ती काय काम करायची?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. उत्तर ठरलेलं असतं.

‘आत्या, आजी काय काम करायची गं?’
‘काम कसलं? घरीच असायची बिचारी.’
‘बरं, सकाळी उठली की आधी काय करायची?’
‘उठली की चूल, पाणी. मग ओली पानं कातरायला बसायची. दुपारपर्यंत हजार विड्या व्हायला पाहिजेत ना, नाहीतर कारखान्यातला माणूस कटकट करायचा.’

हजार विड्या वळणारी बाई ‘घरीच असायची’! आत्या खोटं बोलत नाही. काम म्हणजे डबा घेऊन बाहेर जाणं, पगाराची तारीख असणं, हेच तिच्या डोक्यात आहे. म्हणून दिवसाबद्दल विचारा. उठायची कधी? भाकऱ्या किती जणांच्या थापायची? घराबाहेर पडायची तेव्हा धाकटं मूल कुणाकडे असायचं? पायात चप्पल होती का? परत येताना हातात काय असायचं? पैसे कुठे ठेवायची, आणि ते कुणाला माहीत होतं? शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण पुष्कळ घरांत इथून खरी गोष्ट सुरू होते. डाळीच्या डब्यात पैसे ठेवणारी बाई पैसे मिळवत तरी होती, किंवा वाचवत तरी होती.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, पण विचारून करा. म्हातारं माणूस एकटं असताना आणि चारचौघांत वेगळं बोलतं, दोन्ही ऐका. सुना आणि लेकी एकाच बाईबद्दल वेगळं सांगतात, तेही दोन्ही लिहा. प्रत्येक माहितीपुढे कुणी सांगितलं आणि कधी, हे टिपून ठेवा. आणि फक्त सासरच्या बाजूला फिरू नका. तिच्या भावाच्या घरी, तिच्या भाच्यांकडे जा. दिवाळीला, बाळंतपणाला, भांडण झाल्यावर ती जिथे जायची, तिथे तिच्याबद्दल सासरपेक्षा वेगळं बोललं जातं. चाळीतल्या जुन्या शेजारणी हयात असतील तर त्यांना आधी गाठा.

ओव्या म्हणणारी कुणी असेल तर त्याही म्हणून घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉयट्विन यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या संग्रहातल्या पुष्कळ ओव्या आज ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचायला-ऐकायला मिळतात. तुमच्या गावाचं नाव तिथे जरूर शोधा. तुमच्या घरातली बाई सापडेलच असं नाही, तिच्या शेजारगावची सापडेल. दळताना बायका काय बोलत होत्या ते त्यावरून कळतं.

वर्षं कशी बसवायची

‘कोणत्या साली?’ असं विचारलंत की समोरचा गप्प होतो. ‘पानशेत फुटलं तेव्हा ती पुण्यात होती का?’ असं विचारा. १२ जुलै १९६१ ही तारीख तुम्ही मागाहून लिहा. अशा खुंट्या हाताशी ठेवा: मुंबईतला प्लेग १८९६, मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ १९१८, मुंबई गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४, गांधीवधानंतरची जाळपोळ १९४८, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, दुष्काळ १९७२, आणीबाणी १९७५, गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२.

मजुरीची आठवणही कामाला येते. मजुरी आण्यांत सांगितली तर बहुधा १९५७ च्या आधीची. नवे पैसे त्या वर्षी १ एप्रिलला आले. मात्र लोक पुढेही बरीच वर्षं आण्यांत बोलत राहिले, तेव्हा एवढ्यावरच वर्ष पक्कं करू नका. जुन्या कागदावर शके असेल तर ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०. महिन्यानुसार एखाद्या वर्षाचा फरक पडतो. शाळेच्या दाखल्यावरची १ जून ही जन्मतारीख मनावर घेऊ नका, ती मास्तरांनी दिलेली आहे.

पत्रांवर आणि लग्नपत्रिकांवर नावाआधी काय आहे ते बघा. एका पत्रिकेत ‘सौ.’ आणि पुढच्या मुलाच्या पत्रिकेत ‘ग. भा.’ असेल, तर पणजोबा त्या दोन लग्नांच्या मध्ये गेले.

घरातलं आधी उपसा

सरकारी कचेरीत जाण्याआधी घरातली पत्र्याची ट्रंक उघडा. रेशनकार्ड बहुतेक घरांत असतं आणि त्यावर माणसांची वयं असतात. पोस्टाचं पासबुक, भिशीची वही, दवाखान्याचे केसपेपर, मनीऑर्डरीच्या पावत्या, ओळखपत्र. पुष्कळ बायकांचा आयुष्यातला एकटीचा एकमेव फोटो कामाच्या ओळखपत्रावरचाच असतो.

मग भांडी. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे, आणि तिच्याकडे कुणी संशोधनाचं साधन म्हणून बघत नाही याचं मला नवल वाटतं. पितळेचं पातेलं उलटं करा, स्टीलच्या डब्याची कड उजेडात धरा. टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, तारीख, कधी प्रसंग, कधी देणाऱ्याचं नाव. तिच्या स्वतःच्या नावाची भांडी वेगळी काढा. ती लग्नात आलेली, की तिने भिशीच्या पैशातून घेतलेली, की कामाच्या ठिकाणच्या बायकांनी मिळून दिलेली? दोन-चार भांड्यांवर ओळीने पाच-सहा बायकांची नावं मिळाली तर त्या तिच्या मैत्रिणी. त्या नावांचा माग काढा.

गहाणाच्या पावत्या फेकल्या गेल्या नसतील तर मोलाच्या आहेत. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने परवानाधारक सावकाराला कर्जाचा हिशेब लेखी ठेवावा लागे. पाटल्या कधी गेल्या, कधी सुटल्या, पुन्हा कधी गेल्या, एवढं तारीखवार लावलंत की घराचे वाईट महिने समोर येतात. त्यांच्याशेजारी घरातली आजारपणं, लग्नं आणि संप मांडून बघा.

आणखी दोन फाइली घरात कुणाकडे तरी असू शकतात. एक, जात पडताळणीची. तिच्यात जुने दाखले, गाव नमुना १४ म्हणजे कोतवालाने ठेवलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जुने उतारे असं सगळं एका जागी मिळतं. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी धावपळ झालेल्या घरांत तर जास्तच. पण ही फाइल बापाकडून वर चढते. तिच्यात तुमच्या आजोबांची बहीण शाळेच्या दाखल्यासकट सापडेल, आजी नाही. आजीसाठी तिच्या भाच्याची फाइल बघावी लागते. दुसरी, म्हाडाच्या गिरणी कामगार घरांच्या अर्जाची. तिच्याबद्दल पुढे.

कामाप्रमाणे माग काढा

*गिरणी.* मुंबईत पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत साधारण पाचात एक बाई होती. त्या बहुतेक वाइंडिंग आणि रिळिंग या खात्यांत असत, सूत गुंडाळायचं काम. त्यांच्यावर नायकीण असे आणि कामावर घेणं बरंचसं तिच्या हातात असे. पुढच्या काळात बायकांची संख्या घटत गेली. म्हणजे पणजी १९२५ साली गिरणीत होती हे सहज पटण्यासारखं आहे. १९७५ साली होती असं कुणी म्हणालं तर खातं कोणतं ते नीट विचारा. कदाचित कँटीन असेल, पाळणाघर असेल, सफाई असेल.

कायदेही तारखा तपासायला उपयोगी पडतात. १८९१ च्या दुरुस्तीने बायकांचा कामाचा दिवस ११ तासांवर आणला. रात्रपाळीची बंदी पुढे अधिक कडक झाली. १९४८ च्या कारखाना कायद्यात सवलत दिली तरी रात्री १० ते पहाटे ५ या वेळात बाईला कारखान्यात ठेवता येत नसे. तेव्हा ‘आजी गिरणीत रात्रपाळी करायची’ असं कुणी सांगितलं तर थांबा. ती दुसऱ्या पाळीहून उशिरा परतत असेल, किंवा रात्रीचं काम गिरणीतलं नसून इस्पितळातलं असेल. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा १९२९ मध्ये झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या वेळी तिला पैसे मिळाले का, की बाळंतपणाच्या आधीच कामावरून काढलं, हे विचारण्यासारखं आहे.

कागद म्हणाल तर बंद गिरण्यांचं दप्तर हाती लागणं कठीण. पण १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना म्हाडाच्या घरासाठी अर्ज करता आला. त्या अर्जासाठी लोकांनी तिकीट क्रमांक, सर्व्हिस सर्टिफिकेट, लाल पास, प्रॉव्हिडंट फंड आणि ईएसआयचे क्रमांक, हजेरीपत्रक, पगारपावती असं काय काय शोधून जमवलं. तुमच्या घरातल्या एखाद्या चुलत्याने तुमचं अर्धं काम आधीच करून ठेवलेलं असू शकतं. त्याआधीच्या काळासाठी व्यक्तीचा कागद मिळणं अवघड, तेव्हा परिस्थितीचा कागद वाचा. मुंबई सरकारचं लेबर ऑफिस १९२१ पासून ‘लेबर गॅझेट’ काढत होतं, मजुरी आणि कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी त्यात आहे. १९३१ च्या कामगारविषयक रॉयल कमिशनच्या अहवालासोबतच्या साक्षींच्या खंडांतही मुंबईचा भाग वेगळा आहे.

*विडी.* सोलापूर, सिन्नर, संगमनेर, नगर, कामठी, गोंदिया, आणि सीमेपलीकडचं निपाणी. पानं, तंबाखू, दोरा कारखान्याचा, हात बाईचे, जागा तिच्या घराची. १९६६ च्या कायद्याने घरी विडी वळणारीही कामगार ठरली आणि १९७६ च्या कल्याण निधी कायद्यानंतर ओळखपत्रं आली. ओळखपत्र, लॉगबुक, फंडाची पावती, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, यांपैकी काहीतरी बहुधा मिळतं. नाही मिळालं तर छाटीबद्दल विचारा. वळलेल्या विड्यांतल्या किती नापास करून काढल्या जायच्या, त्यांचे पैसे कापायचे का, आणि त्या विड्या परत मिळायच्या का? या विषयावर म्हाताऱ्या बायका अजूनही तावातावाने बोलतात, आणि कारखान्याचं नाव, मुकादमाचं नाव, दराचा आकडा आपोआप येतो.

*दुष्काळी कामं आणि रोजगार हमी.* १९७२ च्या कामांवर बायका मोठ्या संख्येने होत्या. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. हजेरीपट मिळण्याची आशा फार धरू नका, पण काम जागेवर असतं. गावातला कोणता तलाव, कोणता रस्ता, हे ठरलं की तिथे जाऊन उभं राहता येतं. खडी ब्रासवर मोजत, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एका बाईचा आठवड्याचा ढीग केवढा व्हायचा ते कुणाला तरी हाताने दाखवायला सांगा. दुष्काळात खायला वाटलेल्या सुकडीची चवही विचारा.

*ऊसतोड.* इथे मुकादमाच्या वहीत बाईचं नाव सापडणारच नाही असं धरून चाला. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल (आगाऊ रक्कम) नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या नावावर. वहीत दहा कोयते दिसले की दहा बायकाही तिथे होत्या हे तुम्ही समजून घ्यायचं, आणि मोळ्या कोण बांधायचं, गाडी कोण भरायचं, हे माणसांना विचारायचं.

*पालिका, इस्पितळ, शाळा.* हे सगळ्यात सोपं. कायम नोकरी असेल तर सेवापुस्तक असतं: रुजू तारीख, जन्मतारीख, अंगठा किंवा सही, वारसाचं नाव, रजा, दंड. सफाई कामगार असेल तर लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार वारसाला नोकरी मिळालेली असण्याचा संभव आहे, आणि मग आईचे कागद मुलाच्या किंवा सुनेच्या फाइलीत असतात. निवृत्तिवेतनाचे कागदही बघा.

*धुणीभांडी, खाणावळ, भाजीची पाटी.* कागद जवळजवळ नाही. ज्यांच्या घरी तिने काम केलं त्या घरांतली माणसं शोधा. त्यांच्या फोटोंत ती कडेला उभी सापडू शकते. खाणावळ चालवत असेल तर तिच्याकडे जेवलेल्या गाववाल्यांना विचारा. गिरणगावातल्या एका बाईकडे जेवणारे बहुधा एका मुलखातले असत, आणि ते किंवा त्यांची मुलं आज गावी आहेत.

महसुली दप्तर: बाई कुठे दिसते

जमीन नसलेल्या घरांनी हा भाग सोडला तरी चालेल. थोडीशी असेल तर मात्र सोडू नका. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारा आणि फेरफार (हक्कांतल्या बदलांच्या नोंदी) ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत. बाकीचे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून मिळतात. जुनी पानं मोडी लिपीत असतात. मोडी वाचणारी माणसं आज पुष्कळ आहेत; एखादं पान वाचून घेणं अवघड नाही.

बाईच्या नावापुढे काय आहे ते बघा. ‘कोम’, ‘भ्रतार’, ‘जौजे’ म्हणजे पुढचं नाव नवऱ्याचं. ‘बेवा’ म्हणजे विधवा. पुरुषांत ‘बिन’ आणि ‘वल्द’ बापाचं नाव सांगतात.

नमुन्यादाखल एक नोंद घेऊ, अशा शेकड्यांनी असतात: ‘खातेदार धोंडी बिन राणू मयत. वारस मुलगा तुकाराम, अज्ञान, अ.पा.क. आई गंगूबाई कोम धोंडी.’ दोन ओळी. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. धोंडी या तारखेआधी गेला. तुकाराम तेव्हा लहान होता. जमीन कागदावर मुलाची, कारभार गंगूबाईचा. आता पुढे जा, आणि तुकाराम सज्ञान झाल्यावर अ.पा.क.चा शेरा कमी केल्याची फेरफार नोंद शोधा. दोन नोंदींमधली सगळी वर्षं ती बाई शेत चालवत होती. त्या वर्षांची पीकपाहणी, म्हणजे गाव नमुना १२, काढलीत तर तिने कोणत्या साली काय पेरलं आणि कोणतं रान पडीक ठेवलं हेसुद्धा दिसतं. जमीन कसणाऱ्याच्या रकान्यात दुसऱ्याच कुणाचं नाव असेल तर तिने ती बटईने किंवा खंडाने दिली होती. विधवेच्या जमिनीला कुळकायद्यात वेगळी वागणूक होती, कुळाला ती इतर जमिनींसारखी १ एप्रिल १९५७ लाच विकत मिळत नसे, कलम ३२ फ प्रमाणे ते पुढे ढकललं जाई. त्यावरून झालेले दावे असतील तर त्यांत बाईचा जबाब मिळण्याची शक्यता आहे. तिच्या स्वतःच्या तोंडचे शब्द, कारकुनाच्या भाषेत का होईना.

‘इतर हक्क’ हा रकाना चुकवू नका. पोटगी, बहिणींची नावं, तिथेच टाकलेली असतात. गाव नमुना ६ क म्हणजे वारस नोंदवही, ती जरूर बघा. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हयातीपुरता हक्क दिला आणि १९५६ च्या वारसा कायद्याने पूर्ण मालकी. शेतजमिनीच्या बाबतीत हे सरळ रेषेत घडलं नाही, पण १९५६ नंतर वारसांत बायकांची नावं वाढलेली दिसतात. आणि लगेच मागोमाग हक्कसोडपत्रंही दिसतात.

तेव्हा एक इशारा. तुम्ही जुने उतारे काढताय हे कळलं की गावातला चुलता पहिला प्रश्न विचारणार, ‘वाटणी पाहिजे का?’ आधीच त्याला भेटा, काय करताय ते सांगा, नकला दाखवा. आणि खरोखरच वाटणी पाहिजे असेल तर तेही आधीच सांगा. पणजीला पुढे करून मागच्या दाराने जाऊ नका.

जे मिळणार नाही

जनगणनेचा घरोघरचा कागद मागू नका; १९४८ च्या जनगणना कायद्यानेच तो गोपनीय आहे. गावाचे एकूण आकडे मात्र जिल्हा जनगणना पुस्तिकेत असतात. ‘काम करणाऱ्या स्त्रिया’ हा आकडा अगदी लहान दिसला तर वर आत्याने दिलेलं उत्तर आठवा: मोजणीदाराला दारात तसंच उत्तर मिळालं असणार.

पडताळा

घरचा किस्सा आणि कागद जुळत नाहीत तेव्हा दोन्ही ठेवा. वय दहा वर्षं इकडेतिकडे असणं नेहमीचं. कामावर घ्यावं म्हणून वाढवलेलं वय, निवृत्ती लांबावी म्हणून कमी केलेलं वय, दोन्ही प्रकार सर्रास चालत. ‘संपात पुढे होती’ असं ऐकलं तर कोणत्या संपात ते विचारा. १९२८ चा सहा महिन्यांचा आणि १९८२ चा, यांत दोन पिढ्यांचं अंतर आहे.

लिहिताना

‘कष्टाळू’, ‘सोशिक’, ‘प्रेमळ’ ही तीन विशेषणं वापरायची नाहीत असं स्वतःला बजावा. ती प्रत्येक आजीला लागतात, म्हणून कुठल्याच आजीला लागत नाहीत. त्याऐवजी पहाटे किती वाजता उठायची, किती हजार विड्या, कोणतं खातं, किती मैल चालायची. ती भांडखोर असेल तर भांडणं लिहा. तंबाखू लावत असेल, सुनेला छळत असेल, सिनेमाला पळून जात असेल, तेही. कामाबद्दल तिचा स्वतःचा अभिमान कशात होता ते शोधा. विड्या नापास न होणं, सगळ्यात आधी खडी मोजून होणं, असलं काहीतरी असतंच.

काळाच्या क्रमाने सगळं आयुष्य लिहायला जाऊ नका. माहिती दाट आहे तिथला एक दिवस किंवा एक वर्ष उभं करा, आणि बाकीचं चार ओळींत. जिथे अंदाज आहे तिथे ‘असावी’, जिथे कागद आहे तिथे ‘होती’.

पाटाचं लग्न (पुनर्विवाह), टाकलेलं असणं, दारू, पोटातून गेलेली मुलं, कुणाचं तरी दडवलेलं बापाचं नाव, हे निघणारच. ज्यांची आई ती होती ती मुलं हयात असतील तर त्यांना आधी वाचून दाखवा आणि ते नको म्हणाले तर काढा. घराच्या वहीत स्वतंत्र पाकिटात ठेवा हवं तर. घरच्या ग्रुपवर टाकण्याआधी तर नक्कीच विचारा. तिथून ते कुठे जाईल यावर तुमचा ताबा नसतो.

मजकूर तयार झाला की उजवीकडे मोठा समास सोडून चार प्रती छापा. एक आत्याला, एक पणजीच्या माहेरी, एक गावातल्या चुलत्याला, एक स्वतःकडे. सोबत पेन द्या. भांड्यांचे आणि कागदांचे फोटो काढताना प्रत्येकाच्या नावात तारीख आणि ते कुणाकडे आहे हे घाला, आणि मूळ वस्तू ज्याची त्याच्याकडेच राहू द्या. समासात दुरुस्त्या होऊन प्रती परत आल्या, की दुसरी आवृत्ती.